उपाशीपोटी व्यायाम, उपाशीपोटी मजुरी

सध्या शहरांत उपासाचे नवे शास्त्र जोरात आहे. १६ तास पोटात काही घालायचे नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचे आणि पहाटे उपाशीपोटीच धावायचे, वजने उचलायची. जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले, त्याचा दाखला यासाठी दिला जातो. ओहसुमींचे मूळ संशोधन यीस्टच्या पेशींवर होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

यामागचे गणित साधे आहे. यकृतात साठलेली साखर रात्रभरात घटते, मग शरीर चरबी जाळू लागते. ज्याच्या अंगावर चरबी आहे त्याला हे परवडेल. ज्याच्या अंगावर चरबीच नाही त्याने काय जाळायचे? त्याचे स्नायू झिजतात.

हा प्रश्न पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात विचारला पाहिजे. तेथील वारली, कोकणा, कातकरी, ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी घाम गाळतो आहे. पावसाळ्यात घरची नाचणी-वरई संपत येते आणि नेमकी तेव्हाच भातलावणी सुरू होते. दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्या आणि बांधकामे. यांचा उपास कधी सुटणार, हे घड्याळ ठरवत नाही. ते चुलीवरचे मडके ठरवते!

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, केंद्राने २००५ साली. पण मजुरी मिळाली ती खोदलेल्या मातीचे माप घेऊन. उपाशी माणूस कमी खोदतो, म्हणून कमी मजुरी; कमी मजुरी, म्हणून पुन्हा उपाशी. शहरात उपाशी घामाने वजन उतरते, इथे दाम उतरतो.

याची किंमत लेकरे मोजतात. अर्धपोटी राबणाऱ्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मते. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यात पुन्हा तेच. मंत्र्यांचे दौरे झाले. गरोदर मातांसाठी २०१५ साली अमृत आहार योजना आली; ताटात जेवण आले, पण डोक्यावरची पाटी उतरली नाही.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मजूर मातेची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला होता. जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७वे कलम सांगते. आणि तथागतांनी? देह झिजवून ज्ञान मिळत नाही हे उमगताच त्यांनी अन्न घेतले आणि मध्यम मार्ग सांगितला.

आमची शिकलेली मुले जिममध्ये जातात, जरूर जावीत. मधुमेह असेल तर उपासाआधी डॉक्टरांना विचारावे. पण भुकेचे कौतुक आमच्या तोंडी शोभत नाही. जव्हार-मोखाड्याला उपासाचे शास्त्र नको. तिथे हवी आहे मातीच्या मापावर नव्हे, दिवसाच्या हिशेबाने पूर्ण मजुरी, ती वेळेवर, आणि कामाच्या जागी दुपारचे पोटभर जेवण. ही मागणी चळवळीने आपली म्हणून लावून धरली पाहिजे.