ऊद आणि अगरु : एक शब्द, दोन वस्तू

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर धुरीसाठी जो ऊद टाकला जातो तो, आणि पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मसालेदार, काष्ठगंधी 'ऊद' अत्तरात जो अभिप्रेत असतो तो, या दोन वस्तू एक नव्हेत. पहिली राळ आहे. दुसरे राळेने भरलेले लाकूड. अरबी भाषेत 'ऊद' या शब्दाचा मूळ अर्थ काष्ठ असा असून सुगंधी अगरुकाष्ठासही तोच शब्द लावतात. मराठीत तो आला, परंतु येथे तो स्टायरॅक्स वंशातील वृक्षांच्या राळेस, म्हणजे लोबानास चिकटला. मूळ काष्ठाचे अगरु हे संस्कृत नाव रोजच्या बोलण्यात 'अगरबत्ती'पुरते उरले. उदबत्ती आणि अगरबत्ती ही एकाच काडीची दोन नावे, आणि त्या काडीत आज बहुधा या दोहोंपैकी काहीच नसते!

हा घोटाळा केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नव्हे. पनवेलनजीकच्या न्हावा व शेवा या गावांची नावे ज्या बंदरास मिळाली, ते जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. अशा बंदरातील सीमाशुल्क कचेरीत मालाच्या कागदावर नुसते 'ऊद' असे लिहून भागत नाही. तयार अत्तर असल्यास ते शुल्कसूचीच्या ३३०३ या शीर्षाखाली जाते, ऊर्ध्वपातित तेल ३३०१ खाली आणि उदबत्ती ३३०७ खाली. मद्यार्कमिश्रित अत्तर शिवाय ज्वालाग्राही माल ठरते. सागरी वाहतुकीत त्याचा संयुक्त राष्ट्रसंघीय क्रमांक १२६६ आहे. माल अगरुकाष्ठ असेल तर प्रश्न याहून गंभीर होतो. अक्विलेरिया मलाक्सेन्सिस ही जाती १९९५ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २००५ पासून तो संपूर्ण वंशच तेथे समाविष्ट झाला. त्यामुळे अनुज्ञापत्रावाचून त्याचा परदेशी व्यापार करता येत नाही. लोबानास ही अट नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांत एवढे अंतर आहे.

करारापर्यंत पाळी येण्याचे कारण या काष्ठाच्या उत्पत्तीत सापडते. निरोगी अगरुवृक्षाचे लाकूड फिकट, हलके व जवळजवळ गंधहीन असते. खोडास जखम झाली, किड्यांनी ते पोखरले वा त्यात बुरशी शिरली, म्हणजे वृक्ष स्वसंरक्षणार्थ राळ निर्माण करतो. तीमुळे लाकूड काळे, जड व सुवासिक होते. राळ आत आहे की नाही हे बाहेरून खात्रीने कळत नसल्याने रानातील पुष्कळ वृक्ष व्यर्थच तोडले गेले. अमरकोशात अगरुच्या पर्यायांमध्ये 'कृमिज' आणि 'लोह' हे दोन शब्द आहेत. किड्याशी असलेला संबंध आणि उत्तम काष्ठाचे पाण्यात बुडण्याइतके जडपण, या दोन्ही गोष्टी जुन्या परीक्षकांस ठाऊक होत्या असेच या नावांवरून दिसते. 'अगुरु' या रूपाचा शब्दशः अर्थ मात्र 'जड नसलेले'! कौटिल्यानेही चांगल्या अगरूची लक्षणे सांगताना जडपणा, स्निग्धता आणि अग्नी सोसण्याची शक्ती यांचा उल्लेख केला आहे.

आसामातील होजाई हे अगरुतेलाचे जुने केंद्र. तेथे काष्ठाचे तुकडे पाण्यात दीर्घकाळ भिजवून नंतर ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. या तेलास काष्ठाचा, चामड्याचा आणि किंचित गोठ्याचाही वास असतो. तेव्हा अत्तरकार त्यावर वेलदोडा, मिरी, लवंग वा केशर यांची योजना करतो आणि खाली चंदन, देवदार, वाळा यांचा आधार देतो. मसाल्याचे बाष्पशील अंश आधी उडून जातात आणि जड काष्ठगंध कातडीवर तासन्तास रेंगाळतो. पाश्चात्त्य बाजारात या प्रकारास २००२ सालच्या 'एम-७' या फ्रेंच पुरुषसुगंधापासून चालना मिळाली असे सामान्यतः मानतात.

योजनेची ही पद्धती मात्र नवी नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात अगरूसह सोळा द्रव्ये घेऊन, त्यांतील चार-चार निवडून व त्यांची प्रमाणे पालटून १,७४,७२० गंध होतात असे गणित मांडले. गंगाधराच्या 'गंधसारा'त भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया दिल्या आहेत. या ग्रंथाची आणि अज्ञातकर्तृक 'गंधवादा'ची पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणली. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही. गंधद्रव्यांची मराठी परिभाषा एके काळी किती नेमकी होती, हे तपासण्यास याहून चांगले साधन मिळणे कठीण. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने दोन्ही ग्रंथ छापले असल्याने आता पोथीची अडचणही राहिलेली नाही.

आजच्या बहुतेक स्वस्त 'ऊद' अत्तरांत अगरुतेल नसतेच. कृत्रिम संयुगांनी त्याचा भास निर्माण केलेला असतो. खऱ्या काष्ठातील फिनाइलएथिल क्रोमोन ही संयुगे द्रव्यमान-वर्णमापनाने ओळखता येतात, म्हणून तुकड्यांची परीक्षा शक्य होते. तेलाची परीक्षा अधिक अवघड आहे, कारण ही जड संयुगे ऊर्ध्वपातनात फारशी वर येत नाहीत.