नाव घ्यावे ते कोणाकडून?

मनुष्य असो वा गाव, त्याची पहिली ओळख नावानेच होते. आमच्या या सीमाभागाने तर नावांचे फेरे पुष्कळ पाहिले आहेत. चालुक्यांची कल्याणी आज बसवकल्याण म्हणून ओळखली जाते. १३४७ साली बहामनींची राजधानी झालेल्या गुलबर्ग्यास त्या काळी अहसनाबाद म्हणत. ते नाव मागे पडले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. १९५६ साली भाषावार राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. इतके सारे घडले तरी गावे जागच्या जागीच राहिली. जुन्या नावाने आलेले पत्रही टपालवाला ओळखून घरी आणून देतो.

परंतु इंटरनेटच्या जगात असा दयाळू टपालवाला नाही. तेथे नावातील एक अक्षर चुकले तर पत्र परक्याच्या दारी जाते, आणि नावाची मुदत संपली तर ते नाव परका मनुष्य आपल्या दारावर लावू शकतो. आज शाळा, वाचनालये, सहकारी संस्था, बिदरी कलाकुसरीचे कारागीर, तूरडाळीचे व्यापारी, असे सर्वच आपापली संकेतस्थळे काढू लागले आहेत. अशा वेळी हे नाव, ज्यास व्यवहारात ‘डोमेन’ म्हणतात, ते कोणाकडून व कोणत्या अटींवर घ्यावे याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे नाव म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास आकड्यांचा पत्ता असतो. असे आकडे माणसास पाठ राहत नाहीत, म्हणून त्यांस नावे देण्याची रीत पडली. आरंभी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत लिहीत आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या संशोधकाने नावांची उतरंड रचण्याची पद्धत सुचविली. डॉट कॉम, डॉट इन ही त्या उतरंडीची वरची मडकी; त्यांच्याखाली तुमचे आमचे नाव. ‘सिम्बॉलिक्स’ हे डॉट कॉममधील पहिले नोंदलेले नाव. त्याची नोंद १५ मार्च १९८५ रोजी झाली.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत, आणि त्या ध्यानी घेतल्यावाचून किमतीचा उलगडा होत नाही. सर्वांत वर आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था. ती जगभरच्या नियमांची देखरेख करते. तिच्याखाली प्रत्येक शेपटीची मूळ वही सांभाळणारी संस्था. डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे, डॉट इनची वही निक्सी या भारतीय संस्थेकडे. तिसऱ्या पायरीवर रजिस्ट्रार, म्हणजे आपल्याकडून पैसे घेऊन त्या वहीत आपले नाव लिहविणारा दुकानदार. जमिनीच्या व्यवहाराशी तुलना केली तर गोष्ट लवकर कळेल. पहाणीची मूळ नोंद तहसील कचेरीत असते. आपण मात्र कागद करून देणाऱ्याकडे जातो. कागद करून देणारे अनेक असले तरी नोंदवही एकच असते. तद्वतच, डॉट कॉमचे नाव कोणत्याही रजिस्ट्रारकडून घेतले तरी ते एकाच वहीत एकाच तऱ्हेने नोंदले जाते. महाग दुकानातील नाव अधिक टिकाऊ आणि स्वस्त दुकानातील नाव कमअस्सल, असे मुळीच नाही.

मग दुकानादुकानांत फरक का? एके काळी तो नव्हताच. १९९५ पासून अमेरिकेत नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी दोन वर्षांस १०० डॉलर आकारीत असे. १९९९ साली इतर रजिस्ट्रारांस वाव मिळाला, आणि चढाओढीने भाव उतरले. मूळ वहीचे शुल्क सर्वांस सारखेच द्यावे लागते; डॉट कॉमसाठी ते सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षास १०.२६ डॉलर झाले. यावरून एक सोपा निष्कर्ष निघतो. कोणी रजिस्ट्रार डॉट कॉमचे नाव शंभर रुपयांत देऊ करीत असेल, तर तो पहिल्या वर्षी पदरचे पैसे घालीत आहे. व्यापारी पदरचे पैसे घालतो ते परत मिळविण्यासाठीच.

हिशेब करून पाहू. खालील आकडे केवळ उदाहरणार्थ धरले आहेत. समजा, भालकीतील एका वाचनालयास डॉट कॉमचे नाव हवे आहे. ‘अ’ या दुकानी पहिले वर्ष १०० रुपये, पुढील प्रत्येक वर्षी नूतनीकरण ११०० रुपये. आणि मालकाचा पत्ता व फोन लोकांपासून झाकून ठेवण्याचे वर्षास ३०० रुपये निराळे. ‘ब’ या दुकानी दरवर्षी सरळ ९०० रुपये, पत्ता झाकणे त्यातच. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी ‘अ’कडे ४७२ रुपये पडतात, ‘ब’कडे १०६२. पहिल्या दिवशी पाहणारा ‘अ’कडेच धाव घेईल. पण पाच वर्षांची बेरीज करा. ‘अ’कडे नावाचे ४५०० आणि झाकण्याचे १५०० मिळून ६०००, करासह ७०८०. ‘ब’कडे ४५००, करासह ५३१०. म्हणजे स्वस्त वाटणारे दुकान १७७० रुपयांनी महाग पडले. आमच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत पुन्हा करून पाहावे, आणि घरी कोणी नाव घेणार असेल तर खऱ्या भावांनिशी मांडून दाखवावे. नाव ही वर्षभराची वस्तू नव्हे, म्हणून पहिल्या वर्षाच्या भावापेक्षा नूतनीकरणाचा भाव पाहणे हेच शहाणपण.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. पत्ता झाकण्याची सोय डॉट कॉमसाठी आहे. डॉट इनच्या नियमांत दुसऱ्याच्या नावाआड राहून नोंद करण्यास मुभा नाही. तेव्हा डॉट इनसाठी त्या सोयीचे पैसे कोणी मागू लागला तर ते देऊ नयेत. तसेच नाव आणि जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संकेतस्थळाची पाने जेथे ठेवली जातात ती जागा एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे असू शकते. ‘जागा घ्या, नाव फुकट’ असे कोणी म्हटले तर जागा सोडल्यावर नावाचे काय होईल, हे आधी विचारावे.

किमतीहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते, आणि एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांचा पट्टा घेता येतो. पट्टा कोणाच्या नावे आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. संस्था एखाद्या होतकरू तरुणास संकेतस्थळ करावयास सांगते. तो सोयीसाठी आपल्याच नावाने व आपल्याच ईमेलवर नोंद करतो. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्यास किंवा हैदराबादेस जातो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडून राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, तरी संस्थेचे नाव जाते. म्हणून नोंद संस्थेच्या नावे असावी, ईमेल संस्थेचा असावा, आणि परवलीचा शब्द कार्यवाहांपाशी व अध्यक्षांपाशी मोहोरबंद पाकिटात असावा. पदाधिकारी बदलले की किल्ल्यांबरोबर हे पाकीटही सुपूर्द व्हावे.

मुदत विसरणे हा काही लहानांचाच दोष नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचे एका नावाचे शुल्क भरावयाचे राहिले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांस आपली पत्रे उघडता येईनात. अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने ३५ डॉलर स्वतः भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. डॉट कॉमचे नाव मुदत संपताच लगेच दुसऱ्याचे होत नाही. रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतो, ती अधिकात अधिक ४५ दिवसांची असते. ती प्रत्येकाकडे सारखी नसते, म्हणून आधीच विचारून घ्यावी. त्यानंतर ३० दिवसांचा काळ असा, की नाव परत मिळते, पण दंडासारखी मोठी रक्कम भरून. मग पाच दिवसांनी ते मोकळे होते, आणि प्रथम येईल त्यास मिळते. अशी मोकळी झालेली शाळांची, वाचनालयांची नावे उचलून त्यांवर जुगाराच्या जाहिराती लावणारे लोक जगात आहेत. ज्या नावाखाली काल मुलांचे निबंध होते, तेथे उद्या असले काही दिसावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

तिसरी गोष्ट मोकळेपणाची. दुकान पसंत पडले नाही तर नाव दुसरीकडे नेता येते काय? नियमाप्रमाणे येते. त्यासाठी रजिस्ट्रारकडून एक गुप्त संकेतांक घ्यावा लागतो. मात्र नवी नोंद केल्यावर साधारणतः पहिले ६० दिवस हलविता येत नाही. डॉट कॉमचे नाव हलविताना एका वर्षाचे शुल्क पडते, परंतु मुदतही तेवढीच वाढते. तो संकेतांक खात्यातूनच सहज मिळतो की त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात, यावरून दुकानदाराची नियत कळते. नाव आपल्या संमतीवाचून कोणी हलवू नये म्हणून कुलूप लावण्याची सोय असते, आणि परवलीच्या शब्दाखेरीज फोनवर येणारा आकडा मागण्याची सोय असते. या दोन्ही सोयी असाव्यात, आणि चालू ठेवाव्यात.

चौथी गोष्ट विश्वासाची. २००७ साली अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारचा कारभार इतका बिघडला की आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली, आणि त्याच्या ग्राहकांची नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवावी लागली. २०२३ साली तर गूगलने आपला हा व्यवसायच स्क्वेअरस्पेस या कंपनीस विकला. तेव्हा मोठे नाव पाहूनही निर्धास्त राहू नये. रजिस्ट्रार मान्यताप्राप्त आहे की केवळ दुसऱ्याचा अडत्या आहे, तो रुपयांत पैसे घेतो काय, पावती देतो काय, आणि अडचण आल्यास फोन उचलतो काय, हे पाहावे.

आता नाव कोणते घ्यावे, याविषयी दोन शब्द. शाळांसाठी एक निराळी वाट आहे. डॉट ईडीयू डॉट इन ही शेपटी शिक्षणसंस्थांकरिता राखीव असून तिची नोंद अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडेच होते. तेथे संस्थेची कागदपत्रे दाखवावी लागतात, परंतु त्यामुळेच ते नाव पाहताच ही खरी शाळा आहे असा भरवसा लोकांस वाटतो.

रोमन अक्षरांत मराठी नाव लिहिताना भानगड होते. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळाच्या नावात ‘मा’साठी दोन ‘ए’ आहेत. एकच लिहिला तर पत्ता चुकतो. बिदर हे आम्ही ऱ्हस्व लिहितो आणि कानडीत दीर्घ. मग रोमनमध्ये ‘आय’ लिहावा की दोन ‘ई’? एका अक्षराचा हा फरक न्यायालयापर्यंतही गेला आहे. ‘रेडिफ’च्या नावात ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून कोणी निराळे नाव घेतले, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यास मनाई केली. आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असे सांगितले. पण रजिस्ट्रार नोंद करताना हा हक्क तपासत नाही. प्रथम येणाऱ्यास प्रथम, एवढाच त्याचा कायदा.

२०१४ साली डॉट भारत ही देवनागरी शेपटी सुरू झाली, आणि तीत हिंदीबरोबर मराठी व कोकणीही आल्या. आमच्या घरी कोकणी, वर्गात मराठी, बाजारात कानडी. त्यामुळे आपल्या लिपीत आपले नाव दिसावे याचे अप्रूप आम्हांस विशेष. ऱ्हस्वदीर्घाचा घोळही तेथे उरत नाही. तथापि देवनागरी नाव संगणक आतल्या आत रोमन अक्षरांच्या एका ओळीत बदलून घेतो, आणि ईमेलची सर्वच साधने असे पत्ते अजून स्वीकारत नाहीत. म्हणून परवडत असेल तर रोमन नाव कामासाठी व देवनागरी नाव अभिमानासाठी अशी दोन्ही घ्यावीत. एकच घेणे शक्य असेल तर तूर्त रोमन घ्यावे.

सारांश, नाव घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पाच वर्षांचा एकूण खर्च किती? नोंद कोणाच्या नावे? मुदत संपल्यावर सवलत किती दिवसांची? नाव हलविण्याची मोकळीक कितपत? आणि अडचणीत उत्तर देणारे कोण? यांची उत्तरे कागदावर लिहून दोनतीन दुकाने ताडून पाहिली, तर तासाभराच्या कामात अनेक वर्षांचा मनस्ताप वाचेल.

सीमेवरच्या लहान संस्थांस हे अधिकच लागू आहे. येथील मराठी शाळेचा माजी विद्यार्थी सोलापुरास असो, मुंबईस असो वा परदेशी, शाळेची आठवण झाली की तो प्रथम तिचे नाव शोधतो. त्या नावामागे त्यास आपली शाळाच भेटावी, हे पाहणे आपल्या हाती आहे. वाडवडिलांनी नाव राखावे असे सांगितले ते कीर्तीच्या अर्थाने. आजच्या पिढीने ते अक्षरशः राखावयाचे आहे, आणि तेही दरवर्षी मुदतीच्या आत.