एका शहराचे दोन लॉग

बारावीनंतर लॉगच्या तक्त्यांची पातळ पुस्तिका रद्दीत गेली की लघुगणक म्हणजे लांबलचक गुणाकार टाळण्याची जुनी युक्ती, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. मी तो विषय इथे काढतो आहे तो नवी मुंबईच्या लोकसंख्येसाठी. पनवेल वगळून, फक्त महापालिकेच्या शहरापुरते बोलतो. जनगणनेत हे शहर १९९१ साली सुमारे ३ लाख ७ हजारांचे, २००१ साली ७ लाख ४ हजारांचे आणि २०११ साली ११ लाख २० हजारांचे होते. २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे पाण्यापासून शाळांपर्यंतचे हिशेब अंदाजावर चालतात आणि अंदाज वाढीच्या दरावर.

२००१ ते २०११ या दहा वर्षांतली वाढ ५९ टक्के. तिला दहाने भागून ‘वर्षाला ५.९ टक्के’ म्हणणे चूक आहे. वाढलेल्या लोकसंख्येवर पुढची वाढ होते, चक्रवाढ व्याजासारखी.

सामान्य लॉग एवढेच विचारतो: १०चा कितवा घात केला की ही संख्या येईल? एक लाख हा पाचवा घात, दहा लाख हा सहावा. म्हणजे ७ लाख ४ हजारांचा लॉग पाच आणि सहाच्या मध्ये असणार, हे तक्ता न उघडताही कळते. तक्ता सांगतो ५.८४७६. ११ लाख २० हजारांचा ६.०४९२. फरक ०.२०१६. आकडा बरोबर आहे, पण त्यातून दर दिसत नाही. दहा हा पाया आपल्या बोटांनी ठरवला. वाढीशी त्याचे नाते नाही.

नैसर्गिक लॉगचा पाया ‘ई’, म्हणजे सुमारे २.७१८. एका रुपयावर वर्षाला शंभर टक्के व्याज लावले आणि ते क्षणाक्षणाला मुद्दलात मिळवत गेले, तर वर्षअखेर इतके रुपये होतात. सामान्य लॉगला २.३०२६ने गुणले की नैसर्गिक लॉग मिळतो. ०.२०१६चे झाले ०.४६४, दहा वर्षांनी भागा, दर हाती: ४.६४ टक्के. दुपटीचा काळही त्यातूनच निघतो. २चा नैसर्गिक लॉग ०.६९३, त्याला ०.०४६४ने भागले की साधारण १५ वर्षे.

मग २०२६ साली शहर २२ लाख ४० हजारांचे धरायचे? याच रीतीने आधीच्या दशकाचा दर काढला तर ८.३ टक्के येतो. २००१ साली कुणी तोच पुढे नेला असता, तर २०११साठी १६ लाखांहून मोठा आकडा मिळाला असता. प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ ५ लाखांनी जास्त. लॉग दर अचूक काढतो, तो टिकेल याची हमी देत नाही. इथे तर तो एका दशकात निम्म्याच्या जवळ आला. म्हणून २२ लाखांचा अंदाज कुणी समोर ठेवला, की त्यात कोणत्या दशकाचा दर धरला आहे, हे मी आधी विचारतो.