तापामागून येणारा ताप

करोनाने मुलांना फारसे छळले नाही, हा समज आता सर्वत्र रूढ झाला आहे. तो बव्हंशी खराही आहे. लहान मुलाच्या नाकातील पेशी विषाणूची चाहूल लागताच इंटरफेरॉन हे संरक्षक द्रव्य सोडतात आणि शत्रूचा बंदोबस्त बहुधा उंबरठ्यावरच होतो. तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि शिक्षक-पालकांनी तिचा विसर पडू देता कामा नये.

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना एक विलक्षण विकार आढळला. संसर्ग होऊन दोन ते सहा आठवडे लोटल्यावर काही मुलांना पुन्हा तीव्र ताप येई, डोळे लाल होत, अंगावर पुरळ उठे, पोट दुखे आणि हृदयालाही सूज येई. येथे विषाणू नव्हे, तर खवळलेली प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनाने त्याचे एक कारण दाखविले. विषाणूच्या एका प्रथिनाचा अंश आणि शरीरातील 'एसएनएक्स-८' या प्रथिनाचा अंश यांत साम्य असल्याने काही मुलांच्या संरक्षक पेशी आप्त आणि शत्रू यांतील भेदच विसरतात.

अडचण अशी की, पहिला संसर्ग पुष्कळदा कळतच नाही. २०२१ च्या जून-जुलैमधील देशव्यापी पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. त्यांतील अनेकांच्या घरी आजाराची वार्ताही नसेल. अशा वेळी मालवण किनाऱ्यावरील एखाद्या वाडीत या दुसऱ्या तापाला साधा ताप समजून चार दिवस घरीच काढले जाणे अगदी स्वाभाविक आहे. पुढे ओरोस, आणि तेथून गरज पडल्यास बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर! हृदयाला सूज आलेल्या बालकाला हा प्रवास परवडणारा नाही.

वेळीच इम्युनोग्लोब्युलिन व स्टेरॉइड मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात आणि काही महिन्यांत हृदयही पूर्ववत होते. म्हणूनच हृदयाची सोनोग्राफी आणि ही औषधे जिल्ह्यातच सदैव सिद्ध असावीत, आणि तीन दिवस न उतरणाऱ्या तापाची दखल शाळेने व आरोग्य उपकेंद्राने घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ओमायक्रॉननंतर हा विकार विरळ झाला आहे, हे खरे. परंतु विषाणू गेलेला नाही आणि दरवर्षी जन्मणाऱ्या बालकांना त्याची ओळख नव्यानेच होणार आहे. विरळ संकटाची तयारी सवड असतानाच करावी लागते.