मोरचूद टाकण्यापूर्वी शिंपला ओळखा

चैत्र-वैशाखात मामा तलावाचे पाणी ओसरू लागले की काठच्या चिखलात शिंपले उघडे पडतात. पोरे ते ओंजळीने घरी आणतात. मग घरात प्रश्न निघतो, गुरांच्या काळजातला चपटा जंत यातूनच होतो ना? आणि कोणीतरी तलावात मोरचूद टाकण्याचा सल्ला देतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा जंत, म्हणजे लिव्हर फ्लूक, शिंपल्यातून होत नाही. तो गोगलगायीतून होतो. गोगलगायीला शंखासारखे पिळाचे एकच कवच असते. शिंपल्याला दोन झडपा असतात, पाठीकडे बिजागरीने जोडलेल्या. जंत पसरवणारी गोगलगाय बोटाच्या पेराएवढी, पातळ कवचाची व मोठ्या तोंडाची असते. तिच्यातून निघालेली जंताची पिले काठच्या गवताला चिकटतात आणि ते गवत जनावर खाते. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज दिसली, जनावर खंगू लागले, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

आता शिंपल्याकडे वळू. आपल्या गोड्या पाण्यात तीन प्रकार सहज ओळखता येतात. लांबट, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा, बाहेरून काळपट आणि आतून मोत्यासारखा चकाकणारा तो लॅमेलिडेन्स. मोत्यांच्या शेतीत मुख्यतः हाच वापरतात. त्याहून आखूड, जाड कवचाचा, बिजागरीजवळ वेड्यावाकड्या वळ्या असलेला तो पॅरेसिया. तिसरा कॉर्बिक्युला, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा, पिवळसर, तिकोनी, अंगावर एकाआड एक उभार रेषा. कोकणातल्या खाडीतील तिसऱ्या पाहिलेल्या माणसाला हा तिचाच धाकटा भाऊ वाटेल. बाघ, वैनगंगेच्या वाळूत तो शोधावा. पहिले दोन मात्र गाळात अर्धे रुतून बसतात. पाण्याखाली चिखलात बोटाने ओढल्यासारखी चरी दिसली, की तिच्या टोकाला शिंपला असतो. त्याला डोके नाही, पण पाचरीसारखा मांसल पाय आहे, त्यानेच तो सरकतो.

शिंपला पाणी आत घेतो, त्यातले बारीक शेवाळ व कण खातो आणि पाणी बाहेर सोडतो. तलाव निवळ राहण्यात त्याचा वाटा मोठा. पहिल्या दोन प्रकारांची पिले तर काही आठवडे माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात व मग तळाला पडतात. म्हणजे मासे गेले की या शिंपल्यांची पुढची पिढी खुंटते.

मोरचुदातले तांबे गोगलगायीला मारते, पण शिंपल्याला आणि माशांनाही सोडत नाही. ढिवर बंधूंचे मत्स्यबीज त्याच पाण्यात असते, हे विसरून कसे चालेल? त्यापेक्षा पाणथळ काठावर गुरे चारू नयेत. तिथले गवत हवेच असेल, तर पाण्याच्या वर कापून कडक उन्हात चांगले वाळवावे, ओले घालू नये. बदके पाळावीत, ती गोगलगायी आवडीने खातात. जंताचे औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

यंदा तलावाचा गाळ उपसणार असाल, तर सर्वांत खोल भाग तसाच ठेवा. ट्रॉलीत चढलेल्या गाळात जिवंत शिंपला दिसला, तर त्याच डोहात सोडा. बोटाने टिचकी मारल्यावर झडपा घट्ट मिटल्या तर तो जिवंत आहे. आ वासलेल्या राहिल्या तर तो मेलेला.