जनुक, रोग आणि शब्द : तीन शोधसाधनांची तुलना

जनुकाचे नाव रोगाच्या नावाशी जोडणे हे काम जीवशास्त्राचे वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग कोशकाराचा आहे.

हैदराबादचेच उदाहरण घेऊ. येथील ‘सीसीएमबी’ या संस्थेतील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह २००९ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे आणि हृदयस्नायूंचा विकार यांचा संबंध त्यांनी दाखवला. दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल आढळतो. असा निष्कर्ष लाखो लेखांतून पुढच्या अभ्यासकाला सापडावा कसा?

त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची १९६० पासूनची ‘मेश’ ही विषयसंज्ञासूची उपयोगी पडते. तिच्यात एका संकल्पनेला एकच मुख्य संज्ञा असते आणि इतर प्रचलित नावे तिच्याखाली नोंदलेली असतात. ‘हार्ट अटॅक’ शोधणारा आपोआप ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’पर्यंत पोचतो.

जनुके आणि रोगसंज्ञा जोडणाऱ्या साधनांच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत. व्हिक्टर मॅक्युसिक यांच्या १९६६ च्या छापील सूचीतून वाढलेल्या ‘ओमिम’मध्ये तज्ज्ञ लेख वाचून नोंद लिहितात. येथे पुराव्याची चिकित्सा होते. पण माणसाच्या वाचनाला वेळ लागतो. मिशिगन विद्यापीठात तयार झालेले ‘जीनटूमेश’ एखादे जनुक आणि एखादी संज्ञा योगायोगाने अपेक्षित असते त्यापेक्षा अधिक वेळा एकत्र येतात का, हे संख्याशास्त्राने तपासते. आवाका मोठा, पण ‘संबंध आढळला नाही’ असे सांगणारा लेखही या मोजणीत जमेस धरला जाऊ शकतो. ‘पबटेटर’ लेखाच्या मजकुरातील नावे यंत्राने ओळखून त्यांवर खुणा करते. त्यामुळे मूळ वाक्य वाचकासमोर राहते आणि संबंध खरा की नुसता शेजार, हे त्याला पारखता येते.

यंत्राची खरी अडचण अनेकार्थी शब्दांची आहे. ‘वॉज’ या इंग्रजी क्रियापदाचे आणि ‘कॅट’ म्हणजे मांजराचे स्पेलिंग असलेली जनुकचिन्हे खरोखरच आहेत. ‘कर’ म्हणजे हात, सारा की आज्ञा, हे आपण संदर्भावरून ठरवतो. यंत्रालाही तेच करावे लागते.

सारांश, पुरावा हवा असेल तर ओमिम, दिशा शोधायची असेल तर मोजणी आणि पडताळणीसाठी मूळ वाक्य. पण तिन्हींच्या मुळाशी नावांची काळजीपूर्वक केलेली जुळणी आहे.

मराठीत नेमकी हीच उणीव जाणवते. अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा हे शब्द एकाच दुखण्यासाठी चालतात. इंग्रजी संज्ञेसमोर एक घडवलेला प्रतिशब्द ठेवून भागत नाही. रुग्णाच्या तोंडचा शब्दही त्याच नोंदीत हवा. तो नसेल, तर घरात ‘लकवा’ म्हणणाऱ्या माणसाला मराठीत शोधूनही ‘पक्षाघाता’वरची माहिती सापडणार नाही. अशी पर्यायांसह बांधलेली सूची करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते डॉक्टरांना सोबत घेऊनच होईल.