परग्रहांची हवा आणि आपलं अलिबाग

दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी आहे का, हे तिथल्या हवेवरून ओळखायचा प्रयत्न सुरू आहे. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, आणि कोणता वायू कोणते रंग शोषतो यावरून तो वायू ओळखता येतो. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले तर मोठीच बातमी! हे दोघे एकमेकांना फार काळ टिकू देत नाहीत, म्हणजे काहीतरी, कदाचित जीवसृष्टीच, ते सतत तयार करत असणार.

पण आधी हवा टिकायला हवी. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण नसावं, असं २०२३ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं. ट्रॅपिस्ट-१ सारखे लाल खुजे तारे वारंवार भडकतात, आणि त्या भडक्यांनी जवळच्या ग्रहांची हवा उडून जाऊ शकते.

आपला सूर्यही अधूनमधून भडकतो. त्याच्या वादळांनी पृथ्वीचं चुंबकत्व कसं हलतं, याची नोंद अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून ठेवते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम तिथून इथे आणलं. कुलाब्याने तर १८५९ चं सौर महावादळही टिपलं होतं! ग्रहाचं चुंबकीय कवच त्याच्या हवेला नेमकं किती वाचवतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि म्हणूनच अशा दीर्घ नोंदी मला अनमोल वाटतात.

अलिबागला जाल तेव्हा किल्ला दाखवताना मुलांना या वेधशाळेबद्दलही जरूर सांगा.